पाणी किती सुटलंय? गोदेच्या खोऱ्यातल्या फोटोंच्या नोंदी

१४ जून

मृग लागून आठवडा झाला, पाऊस अजून घाटातच रेंगाळतोय. अकरा वर्षं द्राक्षांच्या पेट्या, बेदाण्याची पाकिटं आणि लोकांची लग्नं यांचे फोटो काढून पोट भरलं. आता एक काम कुणी न सांगता करायचं ठरवलंय. ब्रह्मगिरीपासून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत गोदेचं खोरं, या पावसापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. चोवीस फोटो. बारा जागेचे, बारा जिवांचे.

सामान: एक बॉडी, लांबचं टिपायला १५०-६०० ची लेन्स, रुंद दृश्याला १६-३५, पोलरायझर, ट्रायपॉड, आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात तीन किलो तांदूळ भरून शिवलेली बीनबॅग. तांदूळ इंद्रायणी आहे. घरात तोच होता.

स्वतःला घातलेले नियम: घरट्यावर जायचं नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, खाऊ टाकायचा नाही, ड्रोन नाही. दुर्मिळ काही दिसलं तर फाइलमधली जागेची माहिती पुसून मगच कुणाला दाखवायचं.

पाहिजे असलेल्या पक्ष्यांची यादी केली, बेचाळीस नावं झाली. नानांना दाखवली. नाना पाटबंधारे खात्यात होते, सगळी नोकरी कालव्यांवर गेली. त्यांनी चष्मा वर केला, यादी वाचली आणि म्हणाले, "यात पाणी कुठंय?" मी म्हटलं, पाणी पक्षी नाही. "बरं," म्हणाले आणि पेपर उघडला.

९ जुलै

अंजनेरी. पहाटे साडेपाचला त्र्यंबक रस्त्यावर, सव्वासहाला पायथ्याशी. वर जाईपर्यंत ढग असा बसला की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. दोन तास कड्यापाशी बसून राहिले. लेन्सच्या तोंडावर छत्री, छत्रीवर रेनकोट, आणि मी भिजलेली. फोटो शून्य.

घरी येऊन लेन्स पुसली आणि पंख्याखाली ठेवली. चूक! लगेच कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत जायला हवी होती. मागच्या वर्षी अशाच आळसाने जुन्या लेन्सला बुरशी लागली. एका दुरुस्तीवाल्याने ती साफ करतो म्हणून महिनाभर ठेवून घेतली आणि परत दिली ती आत एक नवा केस घेऊन.

४ ऑगस्ट

गंगेला पूर. (गोदावरी नकाशात. नाशिककराच्या तोंडी ती गंगाच, आणि घाटावर जाणं म्हणजे "गंगेवर" जाणं.)

नानांचा सकाळी सहाला फोन. "गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय. दुपारपर्यंत मारुतीच्या कमरेला लागेल बघ." शहरात पूर मोजायची पट्टी म्हणजे नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर गावाची चर्चा चालते आणि दुकानदार आपला माल किती वर उचलायचा ते ठरवतात.

होळकर पुलावरून १६-३५ ने काढलं. गर्दी एवढी की ट्रायपॉड उघडणं अशक्य, पोलीस कुणाला थांबू देत नव्हते, आणि ते बरोबरच होतं. कठड्यावर बॅग ठेवून सेकंदाचा चौथा भाग शटर उघडं ठेवलं. पाणी चहाच्या रंगाचं, त्यात मारुती अर्धा, आणि देवळांचे कळस कोरडे. वीस फ्रेममधले दोन धारदार. एक घेतला.

संध्याकाळी नाना म्हणाले, आता खालची गोष्ट बघ. इथून दारणेचं पाणी मिळतं, मग चांदोरी-सायखेड्याला तोंडचं पाणी पळतं, आणि नांदूरला कादवा येऊन मिळते. "गंगापूर, दारणा, पालखेड, तिघांचंही पाणी शेवटी त्या एका बंधाऱ्याला कपाळ आपटतं." तिथून पुढे जायकवाडी. मी नकाशा काढून बोट फिरवलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या चोवीस फोटोंना एक सलग रेघ दिसली.

५ ऑगस्ट

सायखेड्याला पुलाच्या अलीकडेच थांबवलं. पानवेली पुलाला अडकून हिरवं रान झालं होतं, जेसीबी लावून काढत होते. एका दुकानातलं सामान ट्रॅक्टरमध्ये भरत होते. कॅमेरा पिशवीतच ठेवला. घर रिकामं करणाऱ्या माणसावर ६०० एमएम रोखणं मला जमत नाही, आणि जमायला नको.

१ सप्टेंबर

अंजनेरी, चौथी खेप. आज पदरात पडलं.

बॉटनी शिकवणारी मैत्रीण बरोबर होती. पठारावर गुडघाभर गवत, त्यात ती वाकून चालत होती आणि मी तिच्या पावलावर पाऊल ठेवून, कारण इथे पाय कुठे पडतो याला महत्त्व आहे. तासाभराने तिने बोट केलं. कंदीलपुष्प. सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली शास्त्रात नोंदवलेली, याच डोंगराचं नाव घेऊन जगणारी वनस्पती. समोर असून मला दिसेना. दिसल्यावर मात्र तिच्याशिवाय काही दिसेना.

या कुळातल्या फुलाची करामत अशी: पाकळ्या टोकाला जुळतात आणि खाली नळी राहते, म्हणून कंदील. वासाने बारीक माशी आत उतरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. फूल माशीला कोंडून ठेवतं, तिच्या अंगाला पराग चिकटतात, मग केस सुकतात आणि सुटका. फुलाने केलेली एक रात्रीची कोठडी, पण चहापाण्याची सोय असलेली.

मॅक्रो लेन्स नाही माझ्याकडे. १६-३५ च्या पुढच्या काचेला फूल जवळजवळ टेकवून काढलं, मागे पठार, त्यामागे कडा आणि ढग. हा फोटो जागेच्या बारात टाकायचा की जिवांच्या बारात, यावर परतीच्या वाटेवर आम्ही दोघी भांडलो. निकाल लागला नाही.

उतरताना ढग फाटला आणि कड्याला समांतर दोन लांब चोचीची गिधाडं. चार मिनिटं. पंख हलवले नाहीत, नुसती हवेवर टेकून गेली. ढोरांना देतात ते डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर देशभरातली बहुतेक गिधाडं गेली होती. आपल्या खोऱ्यात ती या कड्यांमुळे तग धरून आहेत. मी ६०० ने एक गिधाड चौकटीत भरायचा प्रयत्न केला, फोकस ढगावर गेला. मग २०० वर आणून कडा घेतला आणि त्यात दोन ठिपके. घरी मोठं करून बघितलं तर ठिपक्यांचाच फोटो चांगला. कडा किती उंच आहे ते त्या ठिपक्यांनी सांगितलं.

२० ऑक्टोबर

परतीच्या पावसाने कांद्याची रोपं झोडपली आहेत. नांदूरला पहिली फेरी.

आधी जागेबद्दल, कारण नाशकातलेही कितीतरी लोक "ते भरतपूरसारखं काहीतरी" यापलीकडे जात नाहीत. (महाराष्ट्राचं भरतपूर हे नाव सलीम अलींनी दिलं, असं इथे सगळेच सांगतात.) निफाड तालुक्यात, नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, गोदावरी-कादवेच्या संगमावर १९०७ ते १९१३ दरम्यान बंधारा बांधला. हेतू शेतीचं पाणी. त्यातून डावा-उजवा कालवा निघाला, खाली कोपरगाव-राहात्यापर्यंत मळे उभे राहिले. वर शंभर वर्षं गाळ साचत गेला. उथळ पाणी, गाळाची बेटं, पाणवनस्पती, आणि म्हणून पक्षी. १९८६ मध्ये अभयारण्य, २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नाना म्हणतात, "आम्ही ज्या गाळाच्या नावानं रडत होतो त्यावर तुमची पाखरं पोसली."

रामसरच्या कागदपत्रांत इथल्या धोक्यातल्या जिवांमध्ये देवळालीच्या नावाची एक बोटभर मासळी आहे. तिचा फोटो काढायचा तर मला पाण्यात उतरावं लागेल. यादीतून काढली नाही, कंसात ठेवली.

आजचा हिशेब: पाणी काठोकाठ. बेटं बुडालेली. चापडगावच्या मनोऱ्यावरून अर्धा किलोमीटर लांब काळे ठिपके. गाइड, ज्यांना मी अण्णा म्हणते, दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "ताई, पाणी लई आहे. पाखराला पाय टेकायला जागा नाही, ते कशाला बसंल?"

जवळ मिळालेला एकच पक्षी. परतताना कालव्याच्या तोंडाशी, पाण्याची पातळी मोजायची रंगवलेली पट्टी असते तिच्यावर कवड्या खंड्या बसलेला. रस्त्यावरून लांबूनच तीन फ्रेम. पक्षी छान, खाली पट्टी आणि सिमेंट. घरी येऊन पट्टी कापली, मग पक्षी एवढासा उरला. उडवून टाकला.

१० नोव्हेंबर

चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी) आले! पंचवीस-तीस. आणि मी सगळे फोटो जास्त उजेडाने जाळले.

कसं ते लिहून ठेवते, पुन्हा होऊ नये म्हणून. पहाटे अंधारात अडई बदकांचा थवा काढताना एक्स्पोजर प्लस दीडवर नेलं होतं. ऊन आल्यावर चमचे पाण्यात माना हलवत अगदी पंगतीसारखे पुढे सरकायला लागले. चोच अर्धी उघडी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, भाताची खाचरं कापावीत तसं. मी देहभान विसरून दोनशे फ्रेम मारल्या. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघितला नाही. पांढरा पक्षी, मागे गडद पाणी, वर प्लस दीड. पाठीवर पिसं नाहीत, नुसता कोरा कागद. रॉ फाइलमधूनही काही परत येईना.

आता कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लाल दोरा बांधलाय. दोरा दिसला की डायल शून्यावर.

अण्णांकडून शिकले: मनोऱ्यावर उभं राहून कॅमेरा वर उचलला की शंभर पक्षी मान वर करतात. "कॅमेऱ्याला भीत नाही ते. तुमच्या उभं राहण्याला भितं." त्यामुळे काठावर खाली मांडी घालून, बीनबॅग पुढ्यात, तोंडावर खाकी ओढणी. वीस मिनिटांनी शेकाट्या माझ्याकडे बघायचे थांबले. चाळीस मिनिटांनी माझे पाय माझे राहिले नाहीत.

२६ नोव्हेंबर

पुन्हा रिकाम्या हाताने. पेपरात वाचलं होतं की कालव्याला आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटणार. मी हिशेब केला: कालव्यात पाणी गेलं की बंधाऱ्यातलं कमी होणार, बेटं उघडी पडणार, पक्षी जवळ येणार. रजा टाकून गेले. पाणी ऑक्टोबरइतकंच.

रात्री नानांपुढे तक्रार मांडली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अगं, बंधाऱ्यात असं किती मावतंय? गाळानं भरलाय तो. पाळी सुरू करायची तर वरून धरणातून नदीत पाणी सोडतात. ते इथं येतं, पातळी चढते, मग कालव्यात वळतं. पाळी चालू आहे तोवर इथली पातळी धरून ठेवतात."

"मग उतरतं कधी?"

"पाळी संपली, वरचं बंद झालं, की उतरायला लागतं. सुरू होतानाची तारीख काय बघतेस? बंद होतानाची बघ."

वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. बेचाळीस नावांच्या यादीवर रेघ मारली आणि त्या पानावर तीन रकाने आखले: वरून किती सोडलं, कालवा चालू की बंद, पट्टीवर पातळी किती. पहिल्या दोन रकान्यांची जबाबदारी नानांनी स्वतःकडे घेतली. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी त्यांना हे आकडे कुठून मिळतात ते मी विचारत नाही.

१५ डिसेंबर

पावणेचारला उठले. निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, पण तो आकडा वाचणं वेगळं आणि त्या थंडीत स्टिअरिंगला हात लावणं वेगळं. हातमोजे घातले तर शटर कळत नाही, काढले तर बोटं कळत नाहीत. एका मोज्याचं तर्जनीचं टोक कापून टाकलं.

चांदोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगाला द्राक्षबागांत शेकोट्या. थंडीने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. धूर वर चढत नव्हता, तारांच्या उंचीवर पसरून राहिला होता. गाडी कडेला लावली. बागवाले काका घोंगडी पांघरून पालापाचोळा सारत होते. विचारलं, फोटो काढू का?

"काढा की. धुराचा काय फोटो?"

"पुढे नांदूरला धुकं मिळेल का आज?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोलले असावे. धुकं म्हणजे डावणी (द्राक्षावरचा रोग), डावणी म्हणजे फवारणी, आणि फवारणी म्हणजे पैसे. "तुम्ही धुकं मागा, आम्ही ऊन मागतो. देव कुणाचं ऐकतो बघू." चहा मात्र दिला. तारांखालचा धूर, शेकोटीचा लाल ठिपका आणि घोंगडीची पाठ: हा फोटो चोवीसात नक्की. पक्षी नाही, पाणी नाही. तरी खोरं हेच.

देवाने आज माझं ऐकलं. (काकांची क्षमा मागून लिहिते.)

सव्वासहाला काठावर बसले तेव्हा पाणीच दिसत नव्हतं. आधी आवाज आले. अडईची शीळ डोक्यावरून गेली. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा छपछपाट, मग कुठूनतरी चक्रवाकाची ती ओरड, भोंग्यात कुणी गळा साफ करतंय अशी. दिसत काहीच नाही आणि ऐकू सगळं येतंय. दहा पावलांवर एक बुडालेली बाभूळ होती हे मला माहीत होतं, म्हणून तिकडे लेन्स लावून बसले.

ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहिला, पुढे-मागे, पुढे-मागे. बंद केला. बाभळीच्या एका फाट्यावर हाताने फोकस बांधला. धुक्यात कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो, म्हणून प्लस एक. लाल दोऱ्याकडे बघून, जाणूनबुजून.

सात वाजून दहा मिनिटांनी धुक्याला आतून रंग आला. केशरी नाही. जुन्या पितळी भांड्याला चिंच लावल्यावर येतो तो. बाभूळ उमटायला लागली, आधी शेंडे, मग फांद्या, आणि फांद्यांवर पाणकावळे, एकोणीस. काही पंख पसरून बसलेले, वाळत घातलेल्या धोतरासारखे. खाली पाणी आणि धुकं यांची शिवण कुठे ते कळत नव्हतं, त्यामुळे झाड हवेत लटकलेलं. अकरा मिनिटं हे टिकलं. त्यातली पहिली चार मी फक्त बघत बसले.

मग दलदली भोवत्या, शिकारी पक्षी, आला, पाण्याला घासून, संथ. वारकऱ्यांचा पसरलेला थवा क्षणात आवळला गेला, अंगाला अंग, काळी चटई. एकजण बाहेर राहिला होता तो पाण्यावरून धावत सुटला, पावलांमागे पाण्याचे ठसे. भोवत्याने एक घिरटी घेतली आणि गेला. १/१६०० वर सगळं गोठलं, पण मला त्या धावणाऱ्याचे पाय धूसर हवे होते. १/१२५ वर जायचं सुचलं तोवर तो थव्यात घुसून त्यांच्यातला एक झाला होता.

आजचे: ३१२ फ्रेम, ठेवले ९, चोवीसात २.

पट्टी: नानांना फोनवर आकडा सांगितला. "बरोबर," एवढंच म्हणाले.

२३ जानेवारी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा. आज पहाटे सिन्नरच्या बाजूने येणारी दिंडी लागली. हंडे डोक्यावर, पताका, पायात कॅनव्हासचे बूट. गाडी थांबवून वाट दिली. सव्वा तासाने चापडगावला पाण्यावर दुसरे वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, हजारोंनी एकत्र आणि अखंड गजर. या पक्ष्याला हे नाव ज्याने दिलं त्याने एखादी वारी जवळून बघितली असणार.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचा मोह झाला. लावून बघितले. एकदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं. पाण्यातले ठेवले.

९ फेब्रुवारी

नाना, ५ तारखेला: "वरचं बंद झालं. चार दिवस थांब."

चार दिवस थांबले. आज गेले आणि ओळखेना. ऑक्टोबरमध्ये जिथे पाणी होतं तिथे चकाकणारा गाळ, त्याला पाण्याच्या उतरत्या रेघा, ताटाला आमटीच्या वाळतात तशा. अण्णा हसून म्हणाले, "आज कुठं बसता? पाखरंच तुमच्याकडं येतील." आले. चित्रबलाक, काळे शराटी, मोर शराटी, चमचे, तुतारी, आणि मुग्धबलाक.

मुग्धबलाकाबरोबर दीड तास गेला. चोच मिटली तरी मध्ये फट राहते, म्हणून त्याला उघड्या चोचीचा म्हणतात. गाळात चोच खुपसून गोगलगाय शोधतो. सापडली की बाहेर काढून पाण्याच्या कडेला नेतो, मान तिरकी करतो, आणि आपण पान लावताना बोटं फिरवतो तसं काहीतरी चोचीच्या टोकाने करतो. शंख फुटत नाही. आतला जीव मात्र लांब लोंबत बाहेर येतो आणि गिळला जातो. शंख जागेवर पडतो, जवळजवळ अखंड. पक्षी गेल्यावर अण्णांनी काठाशी पडलेला एक दाखवला. आत बघितलं, धुतल्यासारखा स्वच्छ. उचलला नाही.

यावेळी मी ६०० वरून मागे आले, ३०० वर. पुढे गाळाच्या रेघा, मध्ये मुग्धबलाक आणि त्याच्या पायाशी तीन रिकामे शंख, मागे पाण्याची पातळ पट्टी. पक्षी चौकटीचा दहावा हिस्सा. सहा महिन्यांपूर्वी मी हा फोटो "लांब राहिला" म्हणून फेकला असता.

साडेदहानंतर आवरलं. गाळ तापला की त्यावरची हवा लहरते आणि लांबच्या लेन्समध्ये पक्षी पाण्याखालून बघितल्यासारखे येतात. लेन्स कितीही महागाची असो, याला औषध नाही.

जाता जाता कालव्याचं तोंड. तीच पट्टी, तिच्यावर कवड्या खंड्या. तोच की दुसरा, देव जाणे. पण आता पट्टीचा खालचा हिस्साही उघडा, शेवाळाची ओली रेघ कुठवर होती ते दिसणारा, आणि मागे धूसर गाळात चित्रबलाकांचे गुलाबी ठिपके. पूर्ण पट्टी घेतली, सिमेंटसकट.

२ मार्च

अंधारात जाताना ऊसतोड झालेल्या रानाच्या कडेला बिबट्या. दिव्यांत डोळे, मग पाठ, मग नाही. कॅमेरा मागच्या सीटवर, लेन्स पिशवीत, आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. ऊस उभा असतो तोवर त्यांचं घर तेच असतं. तोड आली की मजुरांना फडात बछडी सापडतात, मग वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये ठेवून रात्रभर आईची वाट बघतात. फोटो नाही. कुठे दिसला तेही लिहीत नाही.

२२ मार्च

उन्हाळी पाळी सुरू झाली, पातळी पुन्हा वर. बदकं जवळजवळ गेली. मीही आवरतं घेतलं.

सगळे छोटे प्रिंट काढून हॉलमध्ये सतरंजीवर पसरले. एकोणीस पक्के, पाच डळमळीत. जागेचे बारा आणि जिवांचे बारा हा हिशेब केव्हाच मोडलाय. कंदीलपुष्प, कड्यावरचे ठिपके, पूर, शेकोटी, बाभूळ, मुग्धबलाक असे नदीच्या क्रमाने, वरून खाली लावले.

नाना काठी टेकत रांगेवरून चालत गेले. पुराशी थांबले, "छातीच्या जरा खालीच," म्हणाले. गिधाडांचे ठिपके त्यांना दिसले नाहीत. बाभळीचं "बरं आलंय". मुग्धबलाकावरून पुढे सरकले. शेवटच्या प्रिंटपाशी मात्र खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून एरवी बसत नाहीत. चष्मा काढला, कागद डोळ्यांपाशी नेला. मला वाटलं खंड्या बघतायत.

"नऊ फेब्रुवारी?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी प्रिंटवर अंगठ्याचं नख ठेवलं, पट्टीवरच्या ओल्या रेघेवर. मग खिशातून त्यांची छोटी वही काढली, पान उलटलं आणि आकडा दाखवला. जुळत होता. "रंग द्यायला झालाय पट्टीला," म्हणाले. "कुणी बघत नाही आता."

उद्याचं काम: डळमळीत पाचांपैकी दोन ठरवणे. मुग्धबलाकाच्या प्रिंटमध्ये सावल्या थोड्या उघडणे. नानांसाठी खंड्याची १२ बाय १८ ची एक प्रत, मॅट कागदावर. पट्टी कापायची नाही.